कोशात बसलेली थट्टा

(द्वितीय वर्ष कला)

शब्दकोश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातले, पुठ्ठा सुटू लागलेले, दोन्ही हातांनी उचलावे लागणारे एक जाडजूड पुस्तक. ते घरी नेता येत नाही. त्याच्याजवळ मोठ्याने बोलताही येत नाही. एखाद्या शब्दावरून वर्गात वाद झाला की, “जा, कोशात बघून ये,” असे सर म्हणतात आणि कोशात जे सापडेल ते कोर्टाच्या निकालासारखे मानून दोन्ही बाजू गप्प बसतात. असा हा वडीलधारा ग्रंथ थट्टा करतो, हसतो, कोणा एकाने गंमत म्हणून बनवलेला शब्द ऐटीत पानावर मांडून बसतो, असे कोणी सांगितले तर आपण सांगणाऱ्यालाच हसू.

पण असे घडले आहे, आणि तेही स्पेनच्या राजमान्य अकादमीच्या कोशात! इंग्रजीच्या कुबड्या घेऊन मी त्या कोशाच्या मागे लागले. वाचता वाचता प्रथम पुष्कळ हसले आणि मग हळूहळू माझे हसू कमी होत गेले. या लेखात दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत.

स्पॅनिश अकादमीची स्थापना १७१३ साली माद्रिदमध्ये झाली. मार्किस दे व्हियेना या सरदाराच्या वाड्यात काही विद्वान जमले आणि आपल्या कॅस्टिलियन भाषेचा थोरला कोश करायचा असा संकल्प त्यांनी सोडला. इटालियन लोकांचा कोश १६१२ सालीच झाला होता, फ्रेंचांचा १६९४ साली. आपणच मागे का, ही सल त्यामागे होती. अकादमीचे बोधचिन्ह म्हणजे आगीवर ठेवलेली सोनाराची मूस, आणि भाषा स्वच्छ करणे, स्थिर करणे व तिला तेज देणे हे तिचे ब्रीद. बिचारा मार्किस १७२५ साली वारला. पहिला खंड निघाला १७२६ साली आणि सहावा, शेवटचा, १७३९ साली. या कोशाला सगळे ‘आउतोरिदादेस’ म्हणतात, म्हणजे आधारांचा कोश. प्रत्येक शब्दापुढे कोणा मान्यवर लेखकाचे एखादे वाक्य आधार म्हणून द्यायचे, अशी त्याची रीत होती. लेखक मोठा, तर शब्द खरा!

आता गंमत येथेच आहे. ज्यांना आधार मानले त्यांत फ्रान्सिस्को दे केव्हेदो हा कवी अगदी पुढच्या रांगेत होता. हा मनुष्य १५८० साली जन्मला आणि १६४५ साली वारला. मोठा विद्वान, सान्तियागो पंथाचा मानकरी सरदार, चार वर्षे तुरुंगात काढलेला आणि जिभेने महाफटकळ. शब्द सापडला नाही की तो नवा तयार करी, आणि सापडला तरी पुष्कळदा नवाच तयार करी, कारण जुन्याने त्याचे समाधान होत नसे. त्याला आधार मानायचे तर त्याची थट्टाही आधार मानणे आले. अकादमीच्या पंडितांनी तसे केले. मात्र त्यांनी प्रामाणिकपणे अशा शब्दांपुढे शेरे मारले: हा थट्टेचा शब्द आहे, हा मनाने रचलेला आहे, हा स्वैर आहे. डोक्यावर केसांचा टोप, अंगात काळा डगला अशा त्या पंडितांची मेजाभोवती बसलेली सभा, आणि चर्चेला विषय काय, तर एका मस्करीच्या शब्दाचे लिंग कोणते! हे चित्र मला फार आवडते.

केव्हेदो शब्द कसे बनवी ते पाहण्यासारखे आहे. त्याच्या ‘बुस्कोन’ या कादंबरीत (प्रकाशन १६२६) काब्रा नावाचा एक पंतोजी आहे. तो सेगोव्हिया गावात मुलांना आपल्या घरी ठेवून शिकवतो आणि उपाशी मारतो. त्याच्याकडचा रस्सा इतका नितळ असतो की आपल्याच प्रतिबिंबावर भाळलेला तो ग्रीक पुराणातला नार्सिसस तेथे आला असता तर पहिल्यापेक्षा लवकर बुडाला असता. (आमच्या मेसमधील आमटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही.) या काब्राचे वर्णन करताना केव्हेदो त्याला ‘आर्चिपोब्रे’ आणि ‘प्रोतोमिसेरिया’ म्हणतो. ‘आर्चि’ हा उपसर्ग मोठमोठ्या धर्माधिकाऱ्यांच्या आणि सरदारांच्या पदव्यांना लागणारा. ‘प्रोतो’ हा राजवैद्याच्या पदवीतला. ‘पोब्रे’ म्हणजे गरीब आणि ‘मिसेरिया’ म्हणजे दैन्य, चिक्कूपणा. तेव्हा आपल्या भाषेत सांगायचे तर हा पंतोजी ‘दरिद्राधिराज’ आणि ‘आद्यकृपणाचार्य’ ठरतो. पदवी राजदरबारातली, माल मात्र उकिरड्यावरचा! सगळा विनोद या सांध्यात आहे.

दुसरी युक्ती व्याकरणाला चिमटा काढण्याची. स्पॅनिशमध्ये ‘-ईसिमो’ हा प्रत्यय विशेषणाला लागून ‘अतिशय’ असा अर्थ देतो, जसा आपल्याकडे ‘-तम’. केव्हेदोने तो एका लांब नाकाच्या माणसावरील सुनीतात थेट नाकालाच जोडला: ‘नारिसीसिमो’. म्हणजे ‘नाकतम’! आपण ‘सुंदरतम’ म्हणतो, ‘उच्चतम’ म्हणतो, पण ‘नाकतम’ ऐकले की ते नाक आधी खोलीत येते आणि मागाहून माणूस. त्याच वळणाचा आणखी एक शब्द अकादमीच्या कोशात आजही आहे, ‘तातारादेउदो’. तिकडे खापरपणजोबांच्या नात्याला ‘तातारा’ लागतो. तो नुसत्या ‘नातेवाइकाला’ लावला. आपण ‘खापरनातलग’ म्हणावे तसे. पिढ्यान्‌पिढ्या मागे गेल्यावर सापडणारा हा नातलग! सुगीच्या दिवसांत तो बरोबर आपल्या दारात उगवतो, हे मी माझ्या पदरचे सांगते.

येथवर सगळे ठीक. काब्राला हसायला आपल्याला काही वाटत नाही, कारण तो बळकट बाजूचा आहे आणि पोरे दुबळ्या बाजूची. पण केव्हेदोच्या त्या नाकाच्या सुनीतात पुढे इस्राएलच्या बारा कुळांचा उल्लेख येतो. हे सुनीत त्याचा वैरी कवी गोंगोरा याच्यावर रोखलेले, असे परंपरेने मानतात. लांब नाक म्हणजे ज्यू रक्त, हा त्यातला बाण. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकलून दिले होते, जे धर्म बदलून राहिले त्यांच्या नातवंडा-पतवंडांवरही संशयाची नजर होती आणि धर्मन्यायालयाचे दार उघडे होते. अशा देशात एखाद्याचे नाक मोजणे ही नुसती मस्करी नव्हती. ‘नाकतम’ या शब्दाला आपण येथे, एवढ्या दूर, हसतो. तेथे त्या काळी त्या शब्दाने एखाद्याची झोप उडाली असेल.

गोंगोराच्या बाबतीतला दुसरा शब्द तर आज चक्क पाठ्यपुस्तकात आहे. गोंगोरा आणि त्याचे अनुयायी लॅटिन वळणाची, दुर्बोध, अलंकारांनी लदलेली कविता लिहीत. त्यांना ‘कुल्तो’, म्हणजे सुसंस्कृत, म्हणत. विरोधकांनी त्यात एक अक्षरखोडी केली. ‘लुतेरानो’ म्हणजे ल्यूथरपंथी, अर्थात त्या काळच्या स्पेनमध्ये पाखंडी. त्या शब्दाच्या साच्यात ‘कुल्तो’ ओतून ‘कुल्तेरानो’ बनवला. काव्यातले पाखंडी! आज स्पॅनिश साहित्याचा इतिहास शिकवताना ‘कुल्तेरानिस्मो’ हा शब्द प्राध्यापक अगदी गंभीर चेहऱ्याने फळ्यावर लिहितात आणि विद्यार्थी परीक्षेत त्याची लक्षणे लिहितात. त्यात एक शिवी लपलेली आहे हे किती जणांच्या ध्यानात राहत असेल? थट्टा जुनी झाली की परिभाषा होते, असे दिसते.

आणि आता तो शब्द, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला: ‘कुल्तालातिनिपार्ला’. ‘कुल्ता’ म्हणजे सुसंस्कृत स्त्री, ‘लातिनि’ म्हणजे लॅटिन, ‘पार्ला’ म्हणजे बडबड. केव्हेदोने ‘ला कुल्ता लातिनिपार्ला’ या नावाची एक छोटी उपहासिका लिहिली. लॅटिन शब्दांची फोडणी देऊन बोलणाऱ्या विदुषींना शिकवणारी प्रश्नोत्तरी, असे सोंग तिने घेतले आहे. तेथे या बायकांसाठी त्याने आणखी एक शब्द पाडला आहे, ‘एम्ब्रिलातिना’. यातला पहिला भाग ‘मादी’ या अर्थाचा आहे. बाई नव्हे, मादी! पुढे कोशात ‘कुल्तालातिनिपार्ला’ हा शब्द केव्हेदोच्या नावासह आला, ‘लातिनिपार्ला’ आला, ‘कुल्तिपार्लार’, म्हणजे पंडिती बोलणे, हे क्रियापद आले. मूळ थट्टेचा रोख गोंगोरापंथी कवींवरही होता हे खरे. पण पुस्तकात आरशासमोर उभी केली ती बाईच.

याच देशात दीड शतकापूर्वी बेआत्रिस गालिन्दो नावाची विदुषी होऊन गेली. राणी इसाबेलाला तिने लॅटिन शिकवले. लोक तिला ‘ला लातीना’, म्हणजे लॅटिनवाली, म्हणत, आणि माद्रिदमधील एका वस्तीला आजही तेच नाव आहे. एका बाईला जी पदवी मानाची म्हणून मिळाली, तिच्याच शेपटाला ‘बडबड’ जोडली की दुसऱ्या बाईला तोंड लपवावे लागते. शब्दातला फरक दोन-चार अक्षरांचा. पण राणीच्या दरबारात एकच विदुषी असली तर ती शोभा वाटते; तशा दहा जणी पेठेत दिसू लागल्या की त्यांच्यासाठी टोपणनाव तयार होते.

माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. आमच्या आजीला अक्षरओळख नाही. पण शब्द बनवण्यात ती केव्हेदोला हार जाणार नाही. आमच्या वस्तीवर कधीतरी येणाऱ्या एस.टी.ला ती ‘नवसाची गाडी’ म्हणते. निवडणुकीपुरते हात जोडणाऱ्या एका पुढाऱ्याला तिने ‘पाचवर्षी पाहुणा’ असे नाव ठेवले आहे आणि ते आता सबंध गावात रूढ आहे. पण बारावीनंतर मी शिकायला बाहेर पडले तेव्हा भावकीतल्या एका काकूने माझ्यासाठी शब्द काढला, ‘पुस्तकभवानी’. आला, आणि चिकटला. चुलीवर दूध उतू गेले की पुस्तकभवानी. पाहुण्यांपुढे चार वाक्ये सरळ बोलले की पुस्तकभवानी. मराठीत ‘भटकभवानी’ आहेच, तिच्याच साच्यात हिला घडवलेली. नुसती ‘भवानी’, ‘महामाया’, ‘जगदंबा’ हे शब्दही चिडून बोलताना आपण कसे वापरतो ते आठवून पाहा. देव्हाऱ्यातली देवी उंबऱ्याबाहेर पडली की तिच्या नावाचा टोमणा होतो. पुरुषांसाठी ‘टोळभैरव’ एक सापडतो. बायकांसाठी मात्र रांग आहे.

इकडे कॉलेजात आले तर उलटा मासला. येथे माझ्या ‘न’ आणि ‘ण’वरून, ‘व्हतं’ आणि ‘नव्हतं’वरून वेगळे शब्द तयार झाले. ते मी येथे छापत नाही, कारण ते तयार करणारे हा अंक वाचणार आहेत आणि त्यांतले दोघे आता माझे मित्र आहेत. सांगायचे एवढेच की घरी मी लॅटिन बडबडणारी आणि इथे मला लॅटिन येतच नाही! त्यामुळे ‘एम्ब्रिलातिना’ हा शब्द वाचला तेव्हा चारशे वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी बायांशी माझे एकदम सूत जुळले.

मग काय, असे शब्द कोशातून हाकलून द्यावेत? एका चर्चेत तसे मत निघाले की, कोश हा शिष्ट भाषेचा, त्यात मस्करी, शिव्या आणि हीन शब्द कशाला? मला हे मुळीच मान्य नाही. अकादमीने ‘लातिनिपार्ला’ गाळला असता तर त्यामुळे त्या बायांची अब्रू वाढली नसती. त्या होत्या हेच आपल्याला कमी समजले असते. सतराव्या शतकातल्या स्पेनमध्ये एवढ्या बायका पुस्तकी बोलू लागल्या होत्या की देशातल्या सर्वांत तिखट लेखकाला त्यांच्यासाठी नवा शब्द पाडावा लागला, याचा पुरावा तो शब्दच आहे. नसलेल्या गोष्टीची थट्टा कोण करील? तेव्हा शब्द ठेवावा. माझे भांडण आहे ते शेऱ्याबद्दल.

अकादमीने शेरा मारला ‘थट्टेचा शब्द’. हा शेरा अर्धाच आहे. थट्टा कोणी केली, हे लेखकाच्या नावावरून कळते. पण कोणाची केली? हसले कोण, आणि कोणाला मान खाली घालावी लागली? यातले काही त्या शेऱ्यात नाही. निदान सहा खंडांच्या कोशात केव्हेदोचे वाक्य शेजारी असे, त्यावरून वाचणाऱ्याला थट्टेची नांगी कोणीकडे आहे ते दिसे. १७८० साली अकादमीने सोयीसाठी सगळा कोश एकाच खंडात आणला आणि जागा वाचवण्यासाठी आधाराची वाक्ये काढून टाकली. साक्षीदार गेला, आरोपीचे नाव गेले, राहिला तो एक गमतीदार शब्द. पुढचा वाचक त्याला निर्धास्तपणे हसायला मोकळा!

थट्टेचा प्रवाह वरून खाली वाहतो तसा खालून वरही जातो, हे याच कोशांनी मला शिकवले. १६०९ साली बार्सिलोनात हुआन इदाल्गो या नावाने एक पुस्तक छापले गेले. त्यात चोर-लुटारूंच्या गुप्त बोलीतली गाणी आणि शेवटी त्या बोलीचा छोटा कोश आहे. या बोलीला ‘हेर्मानिया’ म्हणतात. अकादमीने हे शब्दही आपल्या थोरल्या कोशात घेतले. कारण असे दिले की ते घडणीने कॅस्टिलियनच आहेत आणि विनोदी ग्रंथांत वारंवार येतात, तेव्हा वाचणाऱ्याला अर्थ कळावा. मला यातले शब्द केव्हेदोपेक्षाही आवडले. फाशीच्या खांबाला ते ‘फिनिबुस्तेरे’ म्हणत. मूळ लॅटिन अर्थ ‘पृथ्वीचे टोक’. दारूचा गुत्ता म्हणजे ‘एर्मिता’, संन्याशाची मठी. वाटमारी करणारा म्हणजे ‘रस्त्यावरचा संन्यासी’! गलबतावर वल्ही मारण्याच्या शिक्षेला ‘गुरापास’. ‘डॉन किहोते’च्या पहिल्या भागात (१६०५) साखळदंडातल्या कैद्यांची जी भेट होते, तेथे एक जण ‘कॅनरी पक्षी’ असल्यामुळे शिक्षा भोगायला निघाला आहे. डॉन किहोतेला कळत नाही, गाणाऱ्याला शिक्षा कशी? ‘गाणे’ म्हणजे छळ सोसवेना तेव्हा गुन्हा कबूल करणे, असे त्याला समजावून सांगावे लागते. आपल्याकडे तुरुंगाला ‘सरकारी पाहुणचार’ म्हणतात, त्याच जातीचा हा विनोद. येथे हसणारा स्वतःच फासाखाली उभा आहे. त्याच्या हसण्याने कोणाची झोप उडत नाही. उलट त्याला एक रात्र झोप लागते. ‘नाकतम’ आणि ‘पृथ्वीचे टोक’ या दोन्हींना कोशाने ‘थट्टेचे’ म्हणून एकाच पंगतीत बसवावे, हे मला अन्यायाचे वाटते.

सर्व्हांतेसने हे ओळखले होते असे मला वाटते. डॉन किहोते एका न्हाव्याचे पितळी तसराळे पळवतो आणि ते माम्ब्रिनो राजाचे मंतरलेले शिरस्त्राण आहे असे म्हणतो. पुढे खानावळीत न्हावी आपले तसराळे मागतो आणि भांडण पेटते. आता सांचोने काय करावे? धन्याला खोटे पाडता येत नाही, आणि डोळ्यांपुढच्या तसराळ्याला शिरस्त्राणही म्हणवत नाही. तो एक शब्द तयार करतो, ‘बासियेल्मो’: ‘बासिया’ म्हणजे तसराळे आणि ‘येल्मो’ म्हणजे शिरस्त्राण. लिहितावाचता न येणाऱ्या, पोटासाठी चाकरी करणाऱ्या माणसाने दोन बाजूंच्या कात्रीतून काढलेली ही वाट आहे. (मराठीत हे भांडण झालेच नसते. ‘टोप’ हा शब्द आपल्याकडे स्वयंपाकाच्या भांड्यालाही चालतो आणि डोक्यावर घालायलाही!) आणि दुसऱ्या भागात (१६१५) तर उलट प्रकार आहे. सांचोला एका बेटाचा सुभेदार करून पाठवताना डॉन किहोते त्याला शिष्टाचार शिकवतो, की ढेकर देण्याला गावठी शब्द वापरू नकोस, लॅटिन वळणाचा वापर. सांचो गोंधळतो. तेव्हा तो वेडा सरदार फार शहाणपणाचे सांगतो: लोकांना आज तो शब्द नाही कळला तरी वापराने कळेल, भाषा अशीच श्रीमंत होते, कारण भाषेवर सत्ता लोकांची आणि वापराची असते. म्हणजे ढेकरासाठी पंडिती शब्द सांगायचा आणि त्याच दमात सत्ता लोकांची म्हणायचे! हा विरोधाभास सर्व्हांतेसने मुद्दाम ठेवला असावा.

कोश करणारे सगळेच रुक्ष नव्हते हेही सांगितले पाहिजे. अकादमीच्या शंभर वर्षे आधी, १६११ साली, सेबास्तियान दे कोव्हार्रुबियास या वृद्ध धर्मगुरूने एकट्याने कॅस्टिलियनचा मोठा कोश केला. हत्तीवर लिहू लागला तर पाने संपेनात. साठी उलटल्यावर काम सुरू केलेले. आपण मरण्याआधी ते पुरे होते की नाही या धास्तीने पुढची अक्षरे भराभर उरकली. १६१३ साली तो वारलाच. त्याच्या व्युत्पत्ती पुष्कळदा हवेतल्या आहेत. केव्हेदोने त्या कोशात अकलेपेक्षा कागद जास्त आहे असा शेरा मारला. माझे मत विचाराल तर, कागद जास्त असलेला हा म्हातारा मला अकलेवाल्यापेक्षा जवळचा वाटतो.

आता आपल्याकडे वळते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. त्यात थट्टेने, तिरकसपणे, निंदेने असे अर्थांचे इशारे ठिकठिकाणी आहेत. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने १९३२ ते १९३८ या काळात बोलीतले, ग्राम्य म्हणून हिणवले गेलेले कितीतरी शब्द गोळा केले. मी या कामाला नमस्कारच करते. तरीही माझा प्रश्न तेथेही उरतो. ‘ढुढ्ढाचार्य’ म्हटले की फजिती पंडिताची होते, ‘भटकभवानी’ म्हटले की घराबाहेर पडलेल्या बाईची. दोन्हींपुढे ‘निंदेने’ एवढेच लिहिले तर दोन्ही सारखेच वाटणार. पण पंडित त्या शब्दानंतरही पंडितच राहतो, आणि बाई संध्याकाळच्या आत घरी परत येते.

शिवाय आधार कोणाचा घ्यायचा हाही प्रश्न आहेच. केव्हेदोने विनोदाच्या भरात एकदा वापरलेला शब्द कोशात आला, कारण तो छापला गेला होता. आजीची ‘नवसाची गाडी’ कोठे छापली आहे? छापलेले नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून छापायचे नाही! हे चक्र कोणीतरी तोडले पाहिजे, आणि त्यासाठी मार्किसचा वाडा लागतो असे मला वाटत नाही. आमच्या वर्गात जवळजवळ निम्मी मुले खेड्यांतून येतात. प्रत्येकाच्या घरी एखादी आजी, आत्या, चुलता शब्द पाडतच असतो.

म्हणून आपल्या वाङ्‌मय मंडळाला माझी एक सूचना आहे. ग्रंथालयाच्या दाराशी एक खोका ठेवावा. ज्याने त्याने आपल्या घरचा, गल्लीचा, शेतावरचा थट्टेचा शब्द एका चिठ्ठीवर लिहून त्यात टाकावा. चिठ्ठीवर शब्द आणि अर्थ तर हवाच. पण गाव कोणते, कोण बोलते, कोणाला उद्देशून बोलते आणि ज्याला बोलतात तोही हसतो का, हेही लिहावे. शेवटची ओळ कोणी कोरी ठेवू नये. मराठी विभागातल्या सरांनी आणि बाईंनी चिठ्ठ्या तपासून द्याव्यात, अक्षरे लावायचे काम आम्ही चौघी करू. माझ्या वहीत आजवर त्रेचाळीस शब्द झाले आहेत, त्यांतले एकोणीस एकट्या आजीचे. ‘पुस्तकभवानी’ची नोंद मी अशी केली आहे: स्त्रीलिंगी नाम, भावकीतील थोरल्या बायकांच्या तोंडी, शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलीस उद्देशून, चारचौघांत. ‘तीही हसते का’ या रकान्यापुढे मी ‘आता हसते’ असे लिहिले आहे. काकूला ही नोंद वाचून दाखवली तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “माझं नाव नको घालूस हं.” म्हणून घातलेले नाही. खोक्यासाठी जुने खोके ग्रंथपाल देणार आहेत. कुलूप मात्र आपल्याला आणावे लागेल.